आधी काम, मग प्रशिक्षण: तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी रोजगार उभा करताना

मी या क्षेत्रात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक टेबल सांभाळायला दिलं. त्याभोवती आठजण बसत. दिवसभर ते नट आणि बोल्ट वेगळे करत. संध्याकाळी सगळे गेले की आम्ही शिक्षक ते डबे पुन्हा एकत्र ओतायचो, म्हणजे दुसऱ्या दिवसाला काम उरेल. याला आम्ही 'कामपूर्व प्रशिक्षण' म्हणत होतो. त्या आठांतले एक गृहस्थ अकरा वर्षं हेच करत होते. एका संध्याकाळी त्यांना न्यायला येणारी गाडी उशिरा आली आणि त्यांनी मला डबे ओतताना पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नट-बोल्टांना हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फाइलमध्ये 'असहकार, वर्तनसमस्या' अशी नोंद झाली. ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

स्वयंसेवी संस्थेत नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी, म्हणजे विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ते, संस्था काढू पाहणारे पालक यांच्यासाठी, मी हे लिहिते आहे. 'तीव्र दिव्यांगत्व' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर प्रमाणपत्रावरची टक्केवारी नाही. ज्यांना रोजच्या जगण्यात दुसऱ्याचा बराच आधार लागतो, अशी माणसं आहेत: बौद्धिक अक्षमता, बोलणं नसलेली स्वमग्नता, हातापायांवर ताबा नसलेली सेरेब्रल पाल्सी, एकाहून अधिक अक्षमता, दीर्घकाळचा गंभीर मानसिक आजार. यांना 'तयार' करून मग कामाला लावू असं ठरवलंत, तर तो दिवस उगवत नाही. काम आधी शोधायचं आणि शिकवायचं त्याच जागी, त्याच कामावर. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी: माणूस ओळखा, अहवाल नंतर वाचा

सुरुवात भाषेपासून करा. आपल्या केंद्रांत पस्तिशीच्या माणसालाही 'आमची मुलं' म्हणायची सवय आहे. प्रेमाने म्हणतात, मला माहीत आहे. पण 'मुलाला' कोणी पगार देत नाही आणि त्याच्याकडून कोणी जबाबदारीची अपेक्षाही ठेवत नाही. पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणा, नावाने बोलवा आणि त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका.

मग तीन-चार आठवडे त्या व्यक्तीसोबत घालवा. तिच्या घरी, शेजारात, ती जिथे-जिथे जाते तिथे. मूल्यमापनाचे तक्ते काय जमत नाही ते सांगतात. तुम्हाला पाहायचं आहे की कोणीच काही सांगितलं नाही तर ही व्यक्ती आपणहून काय करते. दारातल्या चपला ओळीने लावते? पाण्याचा नळ उघडा राहिला की अस्वस्थ होते? गर्दीत खुलते की कोपरा शोधते? सकाळी तरतरीत असते की दुपारनंतर? एका बाईंना कुठलीही वस्तू तिरकी ठेवलेली चालत नसे. घरचे त्याला हट्ट म्हणत. ग्रंथालयात पुस्तकं फळीच्या कडेशी सरळ रेषेत लावायचं काम त्यांना मिळालं, तेव्हा तोच हट्ट त्यांचा गुण ठरला.

नोंदी वर्णनाच्या लिहा, निकालाच्या नकोत. 'एकाग्रता कमी' यातून काही कळत नाही. 'पंख्याच्या आवाजात चार मिनिटं बसले, शांत खोलीत पंचवीस' यातून कामाची जागा ठरते. यासोबत काही साध्या गोष्टी कागदावर हव्यातच: फिट येतात का, औषधाच्या वेळा, स्वच्छतागृहात मदत लागते का, वेदना किंवा नकार कसा दाखवतात, किती वेळाने थकतात. बोलता न येणाऱ्या व्यक्तीसाठी संवादाचा तक्ता किंवा चित्रकार्डं आत्ताच सुरू करा. निदान 'नको', 'थांबा' आणि 'मदत हवी' हे तीन तरी कामाच्या ठिकाणी पोहोचण्याआधी हाताशी असायला हवेत. नकार देता न येणाऱ्या माणसाचा होकार आपण कशाच्या आधारावर मानायचा?

दुसरी पायरी: कामाचं रूप ठरवा

साधारण तीन रूपं दिसतात. संस्थेची स्वतःची कार्यशाळा, जिथे फक्त दिव्यांग व्यक्ती काम करतात. एखाद्या उद्योगात चार-सहाजणांचा गट आणि त्यांच्यासोबत एक प्रशिक्षक. आणि एका व्यक्तीला एका सर्वसाधारण ठिकाणी नोकरी, जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागीच सोबत राहून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, आधारासह.

नवी संस्था बहुधा पहिल्याकडे वळते, कारण ते हाताशी असतं आणि पालकांना सुरक्षित वाटतं. त्यामागे मोठा इतिहासही आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जायबंदी सैनिकांना आणि इतर दिव्यांगांना काम मिळावं म्हणून १९४५ मध्ये रेम्प्लॉय ही सरकारी कंपनी स्थापन झाली. देशभर तिचे कारखाने उभे राहिले आणि अनेक पिढ्यांना तिथे पगार मिळाला. पण वेगळ्या छपराखालच्या रोजगाराचा विचार मागे पडत गेला आणि तिचे शेवटचे कारखाने २०१३ मध्ये बंद झाले. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २७ खुल्या, सर्वसमावेशक आणि सर्वांना जाता येईल अशा ठिकाणी काम करण्याचा हक्क मान्य करतं. त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये आणखी स्पष्ट केलं, की वेगळ्या ठेवलेल्या कार्यशाळा हा त्या हक्काची पूर्तता करण्याचा मार्ग नव्हे.

माझं मत असं, की सुरुवात एका व्यक्तीच्या एका खऱ्या नोकरीने करा. कार्यशाळेसाठी इमारत, यंत्रं, कच्चा माल उभा केला की पुढे संस्था त्या इमारतीची होऊन जाते. शिवाय चांगलं काम करणारी माणसं कार्यशाळेलाच हवीशी वाटू लागतात आणि बाहेर जायला सगळ्यांत पात्र असलेले लोक कायम आत राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

स्वतःचा उद्योगच काढायचा असेल, तर तो मिश्र काढा. इटलीत १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता दिली. त्यातल्या 'ब' प्रकारच्या संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात, त्यात दिव्यांग व्यक्ती आल्या. बाकीचे कामगार इतर. म्हणजे मागणी वाढली, मुदत आली, तर सगळा भार सर्वांत थकणाऱ्या खांद्यांवर पडत नाही.

तिसरी पायरी: काम कोरून काढा

जाहिरातीत येणारी नोकरी आपल्या व्यक्तीला जशीच्या तशी क्वचितच बसते. एका पदात पंधरा कामं असतात आणि त्यांतली बारा जमत नाहीत. म्हणून पद शोधायचं सोडून कामं शोधायची.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात एरिन रील या तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. साहित्य भरून ठेवण्याच्या कामावर त्यांच्याकडे माणसं टिकत नव्हती. विकासात्मक अक्षमता असलेल्या रुग्णांवर आपण उपचार करतो, मग अशाच व्यक्तींना हे काम का देऊ नये, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून प्रोजेक्ट सर्च हा कार्यक्रम उभा राहिला. त्यात तरुण विद्यार्थी जवळपास एक शैक्षणिक वर्ष रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणीच शिकतात, वेगवेगळ्या विभागांत काम करून पाहतात. आता तो अनेक देशांत चालतो. यात दयेपोटी काही नव्हतं. एका विभागाची अडचण होती आणि ती ओळखणारी व्यक्ती आतलीच होती.

तुम्हाला बाहेरून आत जायचं आहे, म्हणून परवानगी घेऊन एखाद्या ठिकाणी दोन दिवस नुसतं बसा. कोण कशासाठी उठतं, कुठलं काम रोज मागे पडतं, जास्त पगाराच्या माणसाचा वेळ कशात जातो, ते टिपा. परिचारिका हातमोज्यांची खोकी भरते आहे, लेखापाल कागद स्कॅन करतो आहे, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ नळ्यांवर लेबलं चिकटवतो आहे. ही कामं एकत्र केली की चार तासांचं एक पद तयार होतं, जे काल तिथे नव्हतं.

मालकाशी बोलताना 'संधी द्या' हा शब्द टाळा. 'तुमच्या तंत्रज्ञांचा रोजचा दीड तास लेबलांत जातो, तो आम्ही मोकळा करू शकतो' असं म्हणा आणि मोजून म्हणा. अडचणी लपवू नका. फिट येत असतील तर आल्यावर काय करायचं, हे व्यक्तीच्या संमतीने आधीच सांगा. मात्र निदानाचा सगळा इतिहास सांगायची गरज नसते. कामापुरतं तेवढंच.

'अजून तयार नाही' हा आक्षेप मालकापेक्षा आपल्याच बैठकीत जास्त ऐकू येतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीत कामाची इच्छा ही एकमेव अट आहे. लक्षणं किती, दवाखान्यात किती वेळा राहिले, हे विचारून कोणाला वगळायचं नाही, लांबलचक पूर्वप्रशिक्षण नाही, लगेच खऱ्या नोकरीचा शोध. आधी प्रशिक्षण मग नोकरी या जुन्या क्रमाशी तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या आणि नोकरी मिळण्याच्या बाबतीत हीच पद्धत पुन्हा-पुन्हा सरस ठरली.

चौथी पायरी: कामाची फोड करा आणि शिकवा

इथे घाई करू नका, प्रशिक्षकाचं खरं कौशल्य इथेच लागतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडायला शिकवलं. हे लोक काही शिकू शकतात यावर त्या वेळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. गोल्ड यांनी भाग खणांच्या ट्रेमध्ये जोडणीच्या क्रमाने मांडले. काही भागांच्या एका बाजूला रंग दिला, म्हणजे रंगीत बाजू आपल्याकडे आली की तो भाग योग्य दिशेला आहे हे कळावं. ते बोलत फार कमी. त्यांची भूमिका अशी होती, की कोणी शिकत नसेल तर शिकवणाऱ्याने पद्धत बदलायची. मला ही भूमिका या क्षेत्रातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

आता तुमचं काम घ्या. समजा, रुग्णालयाच्या धुलाई विभागात टॉवेलच्या घड्या घालायच्या आहेत. तुमच्या दृष्टीने ती एक सूचना आहे. आधी स्वतः वीस टॉवेल घडी करा आणि हात काय करतात ते लिहा: ढिगातून एक टॉवेल उचलणं, टेबलावर पसरणं, शिक्का खाली करणं, वरचे दोन कोपरे धरणं, ते खालच्या कोपऱ्यांवर आणणं, हात फिरवून सपाट करणं, डावी कड उजवीवर आणणं, पुन्हा सपाट करणं, थप्पीवर ठेवणं. तिथे आधीपासून काम करणाऱ्यालाही करताना पाहा. त्यांची पद्धत वेगळी असेल तर त्यांचीच घ्या, कारण उद्या शेजारी तेच असणार आहेत.

प्रत्येक टप्प्यावर व्यक्तीला किती मदत लागते ते ठरलेल्या खुणांनी लिहा: स्वतः, इशाऱ्याने, करून दाखवल्यावर, हाताला हात लावून. शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. तोंडी सूचनेची सवय लागली की ती सोडवणं कठीण जातं, माणूस प्रत्येक टप्प्यावर तुमच्या तोंडाकडे पाहत थांबतो. बोट दाखवणं कमी करणं त्या मानाने सोपं. हाताला हात लावण्याआधी त्या व्यक्तीला ते चालतं का हे पाहा. नको असेल तर वस्तू हलवा, माणसाला नाही.

पूर्ण क्रम एकदम जमत नसेल तर शेवटून सुरुवात करा. बाकीचे टप्पे तुम्ही करा, थप्पीवर ठेवणं त्यांच्याकडे द्या. ते बसलं की सपाट करून ठेवणं, मग कड दुमडून ठेवणं. अशाने प्रत्येक वेळी काम त्यांच्याच हाताने पूर्ण होतं.

आणि थांबायला शिका. नव्या प्रशिक्षकाला दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही, तो लगेच मदतीला धावतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीच्या डोक्यातून निघालेला हुकूम हातापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तुमच्या मध्ये पडण्याने तो तिथेच मोडतो. मनात दहा मोजा. हात चुकीच्या दिशेने निघाला तरच अडवा, चूक पूर्ण होण्याआधी. प्रत्येक टॉवेलला 'शाब्बास' म्हणू नका, मोठ्या माणसाला ते लाजिरवाणं वाटतं आणि लय तुटते.

चौथ्या-पाचव्या दिवशीही एखादा टप्पा अडला असेल, तर शिकवणं थांबवा आणि साधन बदला. मोजता येत नसेल तर सहा खाचांचा ट्रे द्या, खाचा भरल्या की सहा झाले. दहाची थप्पी हवी असेल तर टेबलाशेजारी उभ्या पट्टीवर रेघ मारा, टॉवेल रेघेपर्यंत आले की ट्रॉलीत. एकाच हाताने काम करणाऱ्यासाठी कापड धरून ठेवणारी चौकट किंवा न घसरणारी चटई. बोटं चालत नसतील पण डोकं किंवा गुडघा हलवता येत असेल, तर मोठ्या बटणाचा स्विच तिथे बसवून कागद फाडायचं यंत्र किंवा स्कॅनर चालवता येतो. वेळ वाचता येत नसेल तर कामांची चित्रं ओळीने लावा, झालेलं चित्र उलटं करायचं. यातली बहुतेक साधनं पुठ्ठा, लाकूड आणि चिकटपट्टीने एका दुपारी होतात.

पाचवी पायरी: पगार

कामाच्या मोबदल्यात बक्षीस, सहल किंवा 'खाऊचे पैसे' देऊ नका. इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या मनोरुग्णालयात रुग्णांकडून साफसफाई करून घेत आणि तिला उपचार म्हणत. फ्रांको बासाल्या तिथे संचालक झाल्यावर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तीच साफसफाई करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था झाली आणि त्यांना कामगार म्हणून वेतन मिळू लागलं. झाडू तोच राहिला, पण हातात झाडू असलेला माणूस आता कामगार होता.

वेग कमी म्हणून किमान वेतनापेक्षा कमी द्यायची मुभा काही देशांच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्यात अशी तरतूद झाली आणि तिच्यावर आजवर तीव्र वाद चालू आहे. माझा आग्रह असा, की तुम्ही त्या वाटेने जाऊ नका. वेग कमी असेल तर तास कमी ठेवा, साधन सुधारा किंवा वेगाने फरक न पडणारं काम निवडा. वेतन ताशी पूर्ण द्या.

खातं त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावाने असू द्या. पगार सुरू झाल्याने निवृत्तिवेतन, विमा किंवा दुसरी मदत बंद होते का, हे पहिल्या पगाराआधी संबंधित कार्यालयातून लेखी विचारून घ्या. ही एक गोष्ट राहून गेली म्हणून चांगली चाललेली नोकरी घरच्यांनी सोडायला लावल्याचं मी पाहिलं आहे आणि त्यांना दोष देता येत नाही.

संस्थेचा हिशेब

दोन वह्या ठेवा. एकीत व्यवसायाचा खर्च आणि उत्पन्न: माल, वेतन, विक्री. दुसरीत आधाराचा खर्च: जॉब कोच, प्रवास, साधनं, वैयक्तिक मदतनीस. पहिली स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. दुसरीसाठी अनुदान आणि देणग्या मागायच्या आणि बिनदिक्कत मागायच्या, कारण तो खर्च समाजाने उचलायचा आहे. दोन्ही एकत्र झाल्या की तोटा कशाचा ते कळत नाही आणि मग कात्री कोचच्या पगाराला लागते.

आणि माल कणव दाखवून विकू नका. पाकिटावर करुण मजकूर छापला की पहिली खरेदी होते, दुसरी होत नाही.

सहावी पायरी: कोचने मागे सरकायचं

पहिले काही दिवस कोच शेजारी असतो. पण पहिल्या दिवसापासून त्याने एक गोष्ट पाळायची: साहेबांनी काही विचारलं तर उत्तर स्वतः द्यायचं नाही, प्रश्न त्या व्यक्तीकडे वळवायचा. सूचना पर्यवेक्षकाने द्यायच्या, कोचने त्या कशा द्यायच्या एवढंच दाखवायचं. नाहीतर दोन महिन्यांनी तिथे सगळे कोचला ओळखतात आणि कामगाराचं नावही कोणाला माहीत नसतं.

मग खुर्ची लांब न्या. पुढे खोलीबाहेर, पुढे इमारतीबाहेर, पुढे आठवड्यातून दोनदा. कधी किती मागे जायचं ते चौथ्या पायरीतल्या खुणांचा कागद सांगतो: सलग तीन दिवस सगळे टप्पे 'स्वतः' झाले की एक पाऊल मागे. सहकाऱ्यांपैकी कोण आपणहून हात देतं ते पाहा आणि संवादाचा तक्ता कसा वापरायचा ते त्यांना शिकवा. मधल्या सुट्टीत कोणासोबत बसतात याकडे कामाइतकंच लक्ष द्या. एकट्याने जेवणारा माणूस काम नीट जमत असूनही नोकरी सोडतो.

काहींच्या बाबतीत कोच पूर्णपणे कधीच मागे सरणार नाही. वैयक्तिक मदत कायम लागेल. ते अपयश नाही, तसं अंदाजपत्रक करा.

नोकऱ्या मोडतात त्या बहुतेकदा कौशल्यामुळे नाही, बदलामुळे. यंत्र बदललं, पाळी बदलली, घरात कोणी गेलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा पर्यवेक्षक बदलला. जुन्याला सगळं माहीत होतं, नव्याला कोणी सांगितलं नाही. म्हणून नोकरीला दोन वर्षं झाली तरी महिन्यातून एक फेरी चालू ठेवा आणि नवा पर्यवेक्षक येणार असं कळलं की त्याच आठवड्यात जा. सोबत एक पानी माहिती असू द्या: मी काय काम करतो, मला कसं सांगितलेलं समजतं, मला त्रास होतो आहे हे कसं ओळखायचं. ते पान त्या व्यक्तीसोबत बसून लिहिलेलं असावं आणि नव्या साहेबांच्या हातात तिनेच द्यावं. तुम्ही दाराशी उभे राहा.